वहिनींचा बिनआवाजाचा वर्ग

माझ्या थोरल्या वहिनींनी उभ्या आयुष्यात कुणाच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. वाजले किती, असं विचारलं तर त्या ओट्यापाशी उभ्या राहूनच खिडकीकडे बोट दाखवतात आणि ऊन कुठवर आलंय ते बघायला सांगतात. भाजीत मीठ पडलंय का, या प्रश्नाला त्यांच्याकडून चमचा मिळतो. दादासाठी आम्ही त्यांना बघायला गेलो होतो तेव्हा आमच्या आत्याने ठरलेल्या चालीवर विचारलं, "मुली, स्वयंपाक येतो का?" दुसरी एखादी मान खाली घालून हो म्हणाली असती. ह्या म्हणाल्या, "जेवूनच जा, मग तुम्हीच ठरवा." आत्याला तो उद्धटपणा वाटला, वडिलांना ते आमंत्रण वाटलं, आणि दादाला काय वाटलं ते कुणी विचारलंच नाही, कारण तोवर तो हात धुऊन पाटावर बसला होता.

अशी बाई शिक्षिका झाली नसती तर नवल. भिवंडीत कामतघरच्या एका मराठी शाळेत त्या तिसरीच्या वर्गाला शिकवतात. मुलं सगळीकडची. कुणाचे आईवडील तेलंगणातून आलेले, कुणाचे उत्तर प्रदेशातून, कुणी इथल्याच गावांतलं. घरी वेगवेगळ्या भाषा, वर्गात मराठी आणि मधल्या सुट्टीतली भांडणं हिंदीत. या मुलांना वहिनी विज्ञान शिकवतात असं म्हणणं चुकीचं होईल, कारण त्या काही सांगतच नाहीत. पाण्याची बादली, एक लिंबू, एक बटाटा, एक खिळा आणि एक लाकडाचा तुकडा असं समोर ठेवतात आणि बाजूला उभ्या राहतात. मग वर्गात दंगल माजते. बटाटा बुडतो, त्याहून मोठा लाकडाचा ठोकळा तरंगतो, सोललेलं लिंबू बुडतं आणि न सोललेलं तरंगतं. कुणी म्हणतं सालीत हवा आहे, कुणी म्हणतं पिवळा रंग तरंगतो. वहिनी रंगवाल्यालाही खोडत नाहीत. त्याला दुसऱ्या दिवशी पिवळं केळं आणि पिवळा दगड आणायला सांगतात. "सांगितलेलं घरी जाईपर्यंत टिकतं, सापडलेलं पुरतं," एवढंच त्यांचं म्हणणं, आणि तेही एकदाच ऐकलं मी.

या शोधकार्याचा सगळा भार आमच्या घरावर असतो. आमची चाळणी वाळू गाळायला गेलेली असते, परात सावल्या मोजायला, आणि पाहुणे आले की चहाचे कप शाळेत बी रुजवत बसलेले असतात. माझं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तिथला एक मोठा लोहचुंबक एका सोमवारी नाहीसा झाला तो दिवाळीनंतर परतला. तोवर तिसरीच्या मुलांनी कामतघरच्या गल्ल्यांमधून तो दोरीला बांधून फिरवला होता आणि त्याला चिकटून आलेले खिळे, वॉशर, टाचण्या आणि एक हरवलेली चावी असा सगळा ऐवज वर्गातल्या कपाटावर मांडला होता. चावी कुणाची, हा पुढचा शोध. तो मला वाटतं अजून चालू आहे.

दादा एका गोदामात सुपरवायझर आहे. शांत माणूस. त्याचा आवाज मी एकदाच चढलेला ऐकला. बुरशी कुठे लवकर धरते हे बघायला वहिनींनी भाकरीचे तुकडे वेगवेगळ्या डब्यांत ठेवले होते. कोरडा तुकडा एका डब्यात, ओला दुसऱ्यात, एक फ्रिजमध्ये, एक माळ्यावर. सकाळच्या घाईत दादाने त्यातला ओला डबा उचलला. गोदामात सगळ्यांसमोर झाकण उघडलं तर आत हिरवी-काळी, केसाळ लव धरलेली भाकरी. संध्याकाळी तो तणतणत घरी आला. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "झाकण उघडल्यावर वास कसला आला? मातीसारखा की आंबूस?" दादाने डबा ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, "मातीसारखा." आणि हातपाय धुवायला गेला. त्या घरात नांदायचं तर निरीक्षण नीट करावं लागतं, हे त्याला तेव्हाच उमगलं असावं.

शाळेचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे हेडसर म्हणतात, ते मनाने वाईट नव्हेत. त्यांना शिस्त आवडते, पाढे आवडतात आणि वर्गातून एका सुरात येणारा आवाज आवडतो. वहिनींच्या वर्गातून एकाच वेळी सगळे सूर येतात. तरीही त्यांनी बराच काळ काणाडोळा केला, पण मुंग्यांनी घात केला. मुंग्या कुठून येतात आणि कुठे जातात याचा माग काढत तिसरीची मुलं एकदा रांगेने, गुडघ्यांवर रांगत व्हरांड्यातून निघाली, ती थेट हेडसरांच्या टेबलाच्या खालच्या खणापाशी पोचली. खणात चिक्की होती. हेडसरांना मधुमेह आहे आणि त्यांची बायको त्याच शाळेत चौथीला शिकवते. त्या दिवसापासून हेडसरांना मुलांच्या शोधक वृत्तीची धास्ती बसली, आणि पाठ्यपुस्तक पुरं करा, पाठ्यपुस्तक पुरं करा, असा धोशा त्यांनी वहिनींमागे लावला.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर वहिनींचा आवाज गेला.

त्यांच्या वर्गाची मागची भिंत आणि यंत्रमागांच्या शेडची भिंत जवळजवळ एकच आहे. सकाळपासून ती खटखट चालू असते. नवीन माणसाला डोकं धरावं लागतं, आम्हाला ती बंद पडली तरच कळते. त्या खटखटीवर आवाज चढवून वहिनी वर्षानुवर्षं शिकवत होत्या. उत्तरं देत नसल्या तरी प्रश्न ओरडूनच विचारावे लागत. त्यांचा आवाजही तसाच होता, खणखणीत. शाळेच्या फाटकापाशी रिक्षातून उतरलं तरी तिसरीत आज काय चाललंय ते कळायचं. आधी तो बसला, मग फाटला, मग दिवसभर नुसती खरखर. आम्ही त्यांना ठाण्याला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळीतून बघितलं आणि स्वरतंतूवर गाठ आहे म्हणाले. साधी आहे, काढून टाकू, पण त्यानंतर काही आठवडे एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. बोललात तर आवाज कायमचा जाईल. किती वर्षं अशा ओरडताय, असं त्यांनी विचारलं, तर वहिनी त्या फुटक्या आवाजात म्हणाल्या, "गाठीवरून तुम्हाला काय वाटतं?"

ऑपरेशन नीट झालं. घरी टाळ्या, खुणा आणि पाटी-खडू सुरू झाले. टाळी एकदा म्हणजे इकडे या, दोनदा म्हणजे तसं नव्हे. आम्हाला वाटलं, आता महिनाभर विश्रांती घेतील. डॉक्टरांनी घराबाहेर पडायला परवानगी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी साडी नेसून, पर्स खांद्याला लावून दारात उभ्या. दादा ड्युटीवर गेला होता. मी स्कूटर काढली.

हेडसरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की बाई, न बोलता शिकवता येत नाही. तुम्ही रजा टाका. तोवर तुमची मुलं शेजारच्या तुकडीत बसवतो. त्यांचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. एखाद्या मुलाला लागलं, कुणी पडलं, तर बाई हाकसुद्धा मारू शकणार नाहीत. शेजारच्या तुकडीतून तेव्हा एका सुरात पाठांतर ऐकू येत होतं. वहिनींनी पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं, 'लावण्या परत गप्प होईल.'

लावण्या ही त्यांच्या वर्गातली मुलगी. वडील माग चालवतात. घरी तेलुगू बोलतात. पहिली आणि दुसरी अशी दोन वर्षं ती शाळेत एक शब्द बोलली नव्हती. विचारलं की डोळ्यांत पाणी. सगळे म्हणत, मंद आहे. तिसरीत त्या बादलीपाशी सोललेलं लिंबू बुडालं तेव्हा तिच्या तोंडून आपोआप निघालं, "बुडलं." वहिनींनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही, नुसतं दुसरं लिंबू तिच्या हातात ठेवलं. त्यानंतर ती थांबली नाही.

हेडसर म्हणाले, एका मुलीसाठी नियम कसे बदलणार? वहिनींनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'केंद्रप्रमुखांना बोलवा. त्यांनी वर्ग बघावा. ते नको म्हणाले तर रजा.' आणि पाटी टेबलावर अशी उभी करून ठेवली की ती वाचल्याशिवाय हेडसरांना चहा घेता येईना.

केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी. हेडसरांनी फोन केल्यावर ते पडघ्याकडून स्वतःच्या मोटरसायकलवर आले, हायवेची धूळ अंगावर घेऊन. दमलेले गृहस्थ. घरचं कुणी असावं म्हणून हेडसरांनी मला थांबवून घेतलं होतं. आम्ही तिघे मागच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलो. वहिनी फळ्यापाशी उभ्या. त्यांनी दुधाच्या पावडरीचा एक रिकामा डबा काढला, त्याच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बांधलं, वर चिमूटभर पोहे टाकले आणि डबा मागच्या भिंतीलगत ठेवला. मग हाताची घडी घालून बाजूला झाल्या.

पोहे थरथरू लागले. थोडे सरकले, एक उडाला.

वर्ग डब्याभोवती गोळा झाला. वहिनींचा आवाज कुठे गेला, या प्रश्नावर मुलांचा आधीच बराच विचार झालेला होता. आवाज संपला, डॉक्टरांनी काढून घेतला, हेडसरांनी बंद केला, अशी मतं होती. त्यातून आवाज मुळात येतो कुठून, इथवर त्यांची गाडी आली होती. आता पोहे नाचताना बघून कुणी भिंतीला कान लावला, कुणी डब्यावर तोंड धरून ओरडलं, कुणी स्वतःचा गळा चाचपला. केंद्रप्रमुखांनी थोडा वेळ बघितलं आणि जवळच उभ्या असलेल्या लावण्याला विचारलं, "बाळ, आवाज म्हणजे काय?"

हेडसरांनी डोळे मिटले. लावण्याने विचार केला आणि म्हणाली, "माहीत नाही सर. आमचं अजून चाललंय."

"काय चाललंय?"

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग त्यांचा हात धरून त्यांचीच बोटं त्यांच्या गळ्यावर ठेवली आणि म्हणाली, "आता बोला." काय बोलू, असं त्यांनी विचारलं आणि विचारता विचारताच थांबले. पुन्हा म्हणाले, "काय बोलू." मग नुसतं "अं". पन्नाशीचा तो माणूस गळ्यावर बोटं ठेवून अं अं करत बसला, आणि मुलं त्याच्या तोंडाकडे अशी बघत होती की जणू आता उत्तर पडायचंच बाकी आहे.

"हलतंय," ते म्हणाले.

तेवढ्यात लाईट गेली. शेडमधले माग धापा टाकत थांबले आणि कामतघरच्या त्या गल्लीत एकदम शांतता पसरली. डब्यावरचे पोहे जागच्या जागी पडून राहिले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "भिंत गप्प झाली." त्यावरून वादाला तोंड फुटलं. एका मुलाचं म्हणणं, भिंत हलते म्हणून डबा हलतो. दुसऱ्याचं, मग डबा हातात धरला तर पोहे उडायला नकोत. लाईट परत येईपर्यंत सगळे ताटकळले. आली तेव्हा केंद्रप्रमुखांनीच डबा उचलून हवेत धरला आणि डोळे बारीक करून पोह्यांकडे बघू लागले. पोहे हलले, पण आधीपेक्षा कमी. का, यावर पुन्हा भांडण. त्यांचा चहा येऊन गार झाला.

माझं लक्ष वहिनींकडे होतं. इतका वेळ त्यांनी एक खूणसुद्धा केली नव्हती. लावण्या त्यांच्यापाशी गेली आणि हळूच, पण आम्हाला ऐकू येईल असं म्हणाली, "बाई, माझे पप्पा घरी पण ओरडून बोलतात. घरी माग नाही तरी. मी हाक मारली की त्यांना कळत नाही. त्यांचे कान झिजले का?"

एरवी वहिनींनी तिला आणखी चार गोष्टी तपासायला लावल्या असत्या. आज 'तुला काय वाटतं' असं विचारणारी भुवई उडवली नाही, हात उलटे केले नाहीत. मग त्यांनी मान हलवली. हो. एवढंच, आणि तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

केंद्रप्रमुख बाहेर येऊन मोटरसायकलपाशी गेले. हेडसर सांगू लागले की साहेब, आवाजाचा धडा खरं तर पुढच्या इयत्तेत आहे. ते म्हणाले, "असू दे. वर्ग इथेच राहू द्या. मराठीचं वाचन तेवढं दुसऱ्या बाईंनी येऊन घ्यावं, आणि व्हरांड्यात शिपाई बसवा, कुणाला लागलं-सवरलं तर." एवढा व्यवहार सांगून त्यांनी किक मारली. हेडसरांनी दुसऱ्या दिवशी शिपाई बसवला. खोटं कशाला बोला, मधल्या सुट्टीत ते स्वतःच येऊन डब्यावर चार पोहे टाकून बघत.

मुलांनी पुढे काय केलं ते महत्त्वाचं. ज्याची हालचाल फार होते ते झिजतं, हे त्या वस्तीतल्या मुलांना कुणी शिकवायला नको होतं. घरोघरी मागाचे झिजलेले पट्टे पडलेले असतात. बाईंचा गळा वाचवायचा तर बाईंना ओरडावं लागता कामा नये, असं त्यांनी ठरवलं. बाक भिंतीपासून ओढून दुसऱ्या बाजूला नेले, खिडकीला जुनी चादर लावली आणि बोलणाऱ्याने हात वर केल्याशिवाय दुसऱ्याने बोलायचं नाही असा कायदा केला. तो कायदा ते दिवसाकाठी अनेकदा मोडत, पण होता. मग कानांचं प्रकरण आलं. कापूस, चिंध्या, स्पंज, भिजवलेला कागद असं काय काय कानात घालून, भिंतीपाशी उभं राहून त्यांनी ताडून पाहिलं. त्यातून जे निघालं, मऊ आणि कानात घट्ट बसणारं हवं, ते वहिनींनी पाटीवर लिहून मला दाखवलं, आणि मी मुंबईच्या बाजारातून कानात घालायचे मऊ बोळे आणून दुकानात ठेवले. पहिल्यांदा कारागीर हसले. "ये क्या, बच्चों का खेल है?" म्हणाले. काहींनी खिशात टाकले आणि विसरले. लावण्याचे वडील मात्र मुलीला घेऊन आले. तिने स्वतः ते त्यांच्या कानात बसवून दाखवले, आणि ते माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "आमच्या मॅडमचा ऑर्डर हाय." आता ते शिफ्टला जाताना घालतात. झिजलेलं काही परत येणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. पण आता बाकीचे कारागीरही मागायला येतात.

वहिनींचा आवाज परत आला, पण तो पूर्वीचा नाही. आता त्यांचा आवाज खोल आणि दबका आहे, घोगरा, जपून वापरलेला. फोनवर अनोळखी माणसं त्यांना भाऊ म्हणतात. वर्गाला त्याचं काही नाही. मुलं पुढे झुकून ऐकतात. फाटकापाशी रिक्षा थांबवली तर हल्ली वहिनींचं काहीच ऐकू येत नाही, फक्त मुलांचा गलका ऐकू येतो.

वहिनींच्या आई भिवंडीजवळच्या वळ गावात असतात, वहिनींच्या धाकट्या भावाकडे. गावाभोवती आता गोदामं उभी राहिली आहेत, पण घर तेच आहे. म्हाताऱ्या बाईंना दिसत नाही. त्या माणूस आवाजावरून ओळखतात. ऑपरेशननंतर वहिनींनी पहिल्यांदा फोन केला तेव्हा त्या पलीकडून म्हणाल्या, कोन बोलतं, चुकीचा नंबर लागला असंल, आणि फोन ठेवून दिला. वहिनींनी परत केला नाही. त्या रविवारी मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो.

म्हाताऱ्या बाई ओटीवर बसल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "आई, मी आलेय." त्यांनी मान तिरकी केली. "कोन हाय गं? आवाज वळखीचा न्हाय." भाऊ पुढे होऊन सांगायला लागला, तर वहिनींनी हात वर करून त्याला थांबवलं. मग त्या आईजवळ बसल्या आणि आपला हात आईच्या हातात दिला. म्हाताऱ्या बाईंनी तो हात उलटा केला, सुलटा केला, बोटांची पेरं चाचपली, अंगठ्यापाशी बराच वेळ थांबल्या.

"हात तुजा हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "मग आवाज कुनाचा?"

आईचा हात धरून वहिनी ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून राहिल्या, आणि मीही स्कूटर लावलेली तशीच ठेवून अंगणात उभा राहिलो.